मराठी टाइप करणाऱ्यांसाठी घरी बनवायचा स्प्लिट कीबोर्ड

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकात आधीपासून असलेल्या प्रमाण मराठी कीबोर्ड मांडणीत, ‘डॉक्टर’ टाइप करून बघा. सहा बटणं लागतात: ड, ॉ, क, हलन्त, ट आणि र. त्यातली ड, ॉ आणि ट ही तीन साध्या कीबोर्डवर उजव्या करंगळीच्याही पलीकडे, एंटरच्या शेजारी आहेत. इंग्रजीत त्या जागी चौकटी कंस, उलटी तिरकी रेघ आणि अवतरण चिन्ह असतं, म्हणजे अधूनमधून लागणारी चिन्हं. त्यामुळे छोट्या स्प्लिट कीबोर्डच्या प्रसिद्ध आराखड्यांत यातली एकदोन तरी कापलेली किंवा दुसऱ्या लेअरमध्ये (वेगळं बटण धरून ठेवल्यावरच मिळणाऱ्या थरात) ढकललेली असतात. कॉर्न ४२ बटणांचा, फेरिस स्वीप तर ३४ चा. इंग्रजी लिहिणाऱ्याला तेवढे पुरतात. गडहिंग्लजचा पत्ता लिहिताना ‘ड’साठी दर वेळी लेअर बदलायचं म्हटलं की मात्र दोन दिवसांत कंटाळा येतो.

म्हणून माझं मत असं, की मराठीत रोज टाइप करणाऱ्याने दुसऱ्याचा आराखडा उचलू नये, आपली बटणं आपण मोजावीत. कोल्हापुरात राहणाऱ्याला तर हे करणं सोपं आहे. पत्रा कापून देणारे उद्यमनगरात आहेत, बाकीचं सामान कुरिअरने घरी येतं आणि सोल्डरिंग स्वयंपाकघराच्या ओट्यावरही होतं (घरच्यांची परवानगी काढून, आणि नंतर ओटा नीट पुसून, सोल्डरमध्ये शिसं असतं).

या लेखात आपण दोन भागांचा, प्रत्येक बाजूला २८ याप्रमाणे एकूण ५६ बटणांचा, वायरने जोडलेला कीबोर्ड बनवणार आहोत. छापील सर्किट बोर्ड मागवायचा नाही. स्विच थेट पत्र्यात बसवायचे आणि मागून हाताने तारा जोडायच्या. याला हँडवायरिंग म्हणतात.

५६ च का?

तुम्ही गूगलसारख्या फोनेटिक पद्धतीने, म्हणजे इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवत असाल, तर ४२ बटणं पुरे झाली. तसं असेल तर एक शॉर्टकटही आहे. एका बाजूला २१ बटणं आणि पिको या कीबोर्ड चालवणाऱ्या छोट्या बोर्डवर वापरता येणाऱ्या पिना २६. प्रत्येक बटण सरळ एकेका पिनेला जोडलं की डायोडची भानगडच राहत नाही.

इनस्क्रिप्टवाल्यांना आकड्यांची रांग सोडता येत नाही. शिफ्टबरोबर ५ ला ज्ञ, ६ ला त्र, ७ ला क्ष आणि ८ ला श्र आहे. ‘बरोबर’च्या चिन्हावर ृ आहे, त्याशिवाय कृषी नाही, गृह नाही, कृपया नाही. टायपिंग क्लासात रेमिंग्टन शिकून बोटं पक्की झालेल्यांनाही ही रांग लागतेच. म्हणून प्रत्येक बाजूला चार आडव्या रांगा, सहा उभे स्तंभ आणि अंगठ्याखाली चार बटणं: चोवीस आणि चार, अठ्ठावीस.

उजवीकडचा सहावा स्तंभ हा या कीबोर्डचा जीव आहे. वरून खाली चार जागा मिळतात आणि इनस्क्रिप्टला तिथे नेमकी चार बटणं हवी असतात: ृ, ड, ट आणि ॉ.

हाताचं माप

आलेखाच्या कागदावर तळहात ठेवा. बोटं सरळ ताणू नका, टाइप करताना वाकतात तशी सैल वाकवा. प्रत्येक बोटाच्या टोकाखाली पेन्सिलने ठिपका द्या. मग कोपर न हलवता बोट पुढे-मागे सरकवून वरची आणि खालची रांग कुठे पडते तेही टिपा. मधलं बोट सगळ्यात पुढे जातं, अनामिका आणि तर्जनी थोडी मागे, करंगळी बरीच मागे. बहुतेकांची करंगळी मधल्या बोटापेक्षा १० ते २० मिलिमीटर मागे पडते. हा फरक आराखड्यात उतरवायचा, म्हणजे प्रत्येक स्तंभ त्या-त्या बोटाप्रमाणे वर-खाली सरकवायचा. साध्या कीबोर्डवर आडव्या रांगा एकमेकींपासून तिरक्या सरकलेल्या असतात. तो जुन्या टाइपरायटरच्या दांड्यांचा वारसा आहे, बोटांच्या रचनेशी त्याचा संबंध नाही.

दोन्ही हातांचं माप घ्या. फरक दिसलाच, तर एकाच हाताचा आराखडा आरशातल्यासारखा उलटवून दोन्हीकडे वापरला तरी चालतो. अंगठ्यासाठी हात तसाच ठेवून अंगठा कमानीत फिरवा. कमानीवर जिथे अंगठा सहज टेकतो, तिथे पहिली दोन बटणं. ताणून पोचतो तिथे कमी वापराची दोन.

आता आराखडा. दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. स्विचसाठी भोक १४ बाय १४ मिलिमीटरचं चौरस. एवढं लक्षात ठेवून लिब्रेकॅड किंवा इंकस्केपमध्ये काढता येतं. अर्गोजेन नावाचं मोफत साधनही आहे. त्यात मापं लिहून दिली की आराखडा आपोआप तयार होतो आणि डीएक्सएफ फाइल हातात मिळते. स्क्रूची भोकं विसरू नका, कडेला पाच-सहा तरी हवीत.

पत्रा कापायच्या आधी आराखडा कागदावर मूळ मापात छापा. प्रिंटर ‘पानात बसवा’ म्हणून गुपचूप थोडं लहान करतो, म्हणून कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर ती पट्टीने मोजा. कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, कटरने भोकं पाडा, स्विच आणि कीकॅप दाबून बसवा आणि तो पुठ्ठा टेबलावर ठेवून हवेत टाइप केल्यासारखी बोटं चालवा. चार दिवस तरी. पुठ्ठा पुन्हा कापणं स्वस्त पडतं, पत्रा पुन्हा कापणं महाग.

सामान

एमएक्स पद्धतीचे स्विच ५६, चारपाच जादा घ्या. कुठले घ्यायचे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी एवढंच सांगेन, की घरात रात्री कुणी झोपणार असेल तर खटखट आवाजाचे निळे घेऊ नका. चेरी कंपनीच्या लाल स्विचला साधारण ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो, तपकिरीला ५५. मात्रा आणि हलन्त धरून मराठीत एका शब्दाला बटणं बरीच दाबावी लागतात, तेव्हा हलका स्विच बोटांना बरा.

एक-एन-४१४८ डायोड ५६, अगदी स्वस्त असतात, शंभरच घ्या. रास्पबेरी पाय पिको दोन. जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आलेला हा बोर्ड आजही या कामासाठी परवडणारा आहे. वायरलेस हवं असेल तर नाइस-नॅनोसारखा ब्लूटूथवाला बोर्ड आणि झेडएमके हे फर्मवेअर (बोर्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, खर्च वाढतो आणि बॅटरी सांभाळावी लागते. पहिला कीबोर्ड वायरचाच करा.

कीकॅप घेताना एक गोष्ट बघा. सगळी बटणं एकाच आकाराची आहेत, त्यामुळे मोठ्या स्पेसबारखालचे स्टॅबिलायझर लागत नाहीत, पण नेहमीच्या संचात शिफ्ट, एंटर लांबडे येतात आणि छोट्या टोप्या कमी पडतात. डीएसए किंवा एक्सडीए अशा सगळ्या रांगांना एकच उंची असलेल्या टोप्या घेतल्या की कुठलीही कुठेही बसते.

हत्यारं: तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न, ०.८ मिलिमीटरची रोझिन असलेली सोल्डर, फ्लक्स, सोल्डर ओढायचा पंप, वायर स्ट्रिपर, बारीक चिमटा आणि मल्टिमीटर. मल्टिमीटरशिवाय सुरुवात करू नका.

उद्यमनगरात पत्रा कापून घेताना

ॲक्रिलिक बोर्डवाल्यांकडेही कापून मिळतं, पण १.५ मिलिमीटरचं ॲक्रिलिक लवचिक असतं आणि ३ मिलिमीटरच्यात स्विचच्या खाचा अडकत नाहीत, तो नुसता बसतो आणि टोपी काढताना वर येतो. स्विचच्या बाजूला असलेल्या छोट्या क्लिपा १.५ मिलिमीटर जाडीसाठीच केलेल्या असतात. म्हणून एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा. मला एसएस आवडतो, कारण वजनामुळे कीबोर्ड टेबलावर हलत नाही.

दुकानात गेल्यावर ‘सोळा गेज’ म्हणू नका. सोळा गेज म्हणजे जवळपास १.६३ मिलिमीटर, आणि तेवढ्या फरकाने क्लिप अर्धवट अडकते. ‘दीड एमएम’ असंच सांगा आणि कापण्याआधी व्हर्नियर लावून बघा.

दुसरी गोष्ट भोकाची. लेसरचा झोत स्वतःही थोडी जाडी खातो. बहुतेक ठिकाणी ऑपरेटर तो फरक मशीनमध्ये आधीच धरतो. तुम्हीही फाइलमध्ये धरलात तर दोनदा धरला जातो आणि स्विच आत जातच नाही. म्हणून फाइल नेमक्या १४ मिलिमीटरची द्या आणि सरळ विचारा.

“काका, कट तुमच्याकडे धरता, की फाइलमध्ये धरू?”

“आमच्यात धरतोय की. तू फकस्त माप सांग.”

“मग आधी ह्या तुकड्यावर तीन भोकं पाडून द्या. तेरा-नऊ, चौदा, चौदा-एक.”

तीन भोकांसाठी कुणी नाही म्हणत नाही, चहाच्या वेळात होतं ते काम. खिशात एक स्विच न्या. तो ज्या भोकात दाबल्यावर टक्‌ करून बसेल आणि उलटा केला तरी पडणार नाही, ते माप सगळ्या पत्र्याला लावा.

पावडर कोटिंग करणार असाल तर तेही कापायच्या आधीच सांगा. कोटिंगचा थर एका बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो, म्हणजे भोक दोन्ही बाजूंनी मिळून ०.१५ मिलिमीटरच्या आसपास आवळतं. तेवढं भोक मोठं ठेवावं लागतं. नाहीतर रंगवून आलेल्या पत्र्यातली ५६ भोकं कानसने घासत बसायची वेळ येते आणि रंग निघतो तो वेगळाच.

कापलेल्या पत्र्याच्या मागच्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा राहतो. हात फिरवाल तर कापेल. सपाट कानस आणि मग पॉलिश पेपर. तळासाठी दुसरा पत्रा किंवा ३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक त्याच आकाराचं, फक्त स्क्रूच्या भोकांसह. दोन पत्र्यांमध्ये १२ मिलिमीटरचे एम-२ स्पेसर. स्विचच्या पिना, डायोड आणि तारांना एवढी उंची लागते. पिको ५१ बाय २१ मिलिमीटरचा आहे. तो स्विचच्या खाली कोंबू नका, आतल्या कडेला त्याच्यासाठी पत्रा थोडा वाढवून ठेवा. पिकोवरचं बूटसेलचं बटण (फर्मवेअर टाकताना लागतं) दाबता येईल असं तळाच्या पत्र्यात एक भोकही ठेवा.

मागचं विणकाम

पत्रा उलटा केला की आता सगळं आरशातलं दिसतं. डावा भाग उजवा वाटतो. म्हणून मागच्या बाजूला मार्करने स्तंभ १ ते ६ आणि रांगा १ ते ५ असे आकडे लिहून ठेवा. पाचवी रांग म्हणजे अंगठ्याची चार बटणं, ती विद्युतदृष्ट्या एका रांगेत धरायची, कमानीत असली तरी.

पाच रांगा आणि सहा स्तंभ म्हणजे ३० जागा, त्यातल्या २८ वापरायच्या आणि पिकोच्या पिना फक्त ११ लागतात. पिको एकेक रांग ग्राउंडला खेचून बघतो, की कुठल्या स्तंभातून वीज तिच्यात आली. डायोड नसेल तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतली बटणं एकदम दाबल्यावर चौथंही दाबल्यासारखं दिसतं. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो आणि हा भुताटकीचा प्रकार थांबतो.

प्रत्येक स्विचला दोन पिना. एका पिनेला डायोड, दुसरी स्तंभाच्या तारेला. डायोडवर एका टोकाला काळी पट्टी असते. ती पट्टी स्विचपासून दूर, रांगेच्या बाजूला. सगळ्या ५६ डायोडांची पट्टी एकाच दिशेला. कॉल-टू-रो म्हणतात ती पद्धत हीच.

डायोडचा एक पाय स्विचच्या पिनेभोवती चिमट्याने एक वेढा देऊन अडकवा. दुसरा पाय काटकोनात वळवून शेजारच्या डायोडच्या पायावर आडवा टाका. असे सहा पाय एकमेकांवर आले की रांगेची तार आपोआप तयार होते, वेगळी तार लागत नाही. सांधे मारा, उरलेलं कापा.

स्तंभासाठी मात्र आवरण असलेली तार हवी, कारण ती रांगांना ओलांडून जाते. एकेरी तांब्याची बारीक तार घ्या, स्ट्रिपरने जिथे जिथे पिन येते तिथे पाच मिलिमीटर आवरण सरकवा, बाकी तसंच ठेवा. मोटर वाइंडिंगची एनॅमल तार कोल्हापुरात सहज मिळते आणि स्वस्तही पडते. पण मोटरला वापरतात ती तार उष्णता सोसण्यासाठीच केलेली असते, तिचं एनॅमल सोल्डरच्या आचेने जळत नाही. प्रत्येक सांध्यावर पॉलिश पेपरने घासून तांबं उघडं करावं लागतं. वरून चकाकतं म्हणून सांधा धरला असं वाटतं आणि आत वीज जात नाही.

आयर्न ३२० ते ३५० अंशांवर. टोक आधी पिनेला टेकवा, पिन तापली की सोल्डर पिनेला लावा, टोकाला नाही. चांगला सांधा पिनेभोवती चढत गेल्यासारखा गुळगुळीत दिसतो. गोळी होऊन बसली तर तो थंड सांधा, फ्लक्स लावून परत तापवा. एका पिनेवर तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका, स्विचचं प्लास्टिक मऊ होऊन पिन वाकडी होते. खिडकी उघडी, पंखा तुमच्या पाठीकडून, धूर नाकात नको.

एक रांग झाली की लगेच तपासा. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर, लाल टोक स्तंभाला, काळं रांगेला. बटण दाबलं की ०.६ च्या आसपास आकडा यावा, सोडलं की काही नाही. टोकं उलटी धरून दाबलं तर काहीच येता कामा नये. आलं तर डायोड उलटा किंवा शॉर्ट. अठ्ठावीस बटणं एकदम जोडून मग चूक शोधण्यापेक्षा हे बरं.

पत्रा धातूचा आहे, हे विसरू नका. डायोडचे लांब राहिलेले पाय आणि पिकोची खालची बाजू पत्र्याला टेकली तर शॉर्ट होतो. पिकोखाली इन्सुलेशन टेप लावा.

पिको जोडणं आणि दोन भागांची वायर

पिकोच्या एका कडेला जीपी-० ते जीपी-१५ सगळ्या ओळीने आहेत. स्तंभांना २ ते ७, रांगांना ८ ते १२. डावीकडे आणि उजवीकडे हेच. डेटासाठी जीपी-१. जीपी-१५ ही पिन कुठला भाग डावा हे ओळखायला: डाव्या भागात ती ३.३ व्होल्टच्या पिनेला, उजव्या भागात ग्राउंडला जोडा. एवढी एक तार जोडली की फर्मवेअर कितीही वेळा बदललं तरी डावं-उजवं चुकत नाही.

दोन भागांमध्ये तीन तारा: व्हीसिसला (पिकोला वीज पुरवणाऱ्या पिनेला) व्हीसिस, ग्राउंडला ग्राउंड, डेटाला डेटा. व्हीबस, म्हणजे थेट यूएसबीची पिन, जोडू नका. यूएसबीची वीज पिकोवरच्या डायोडमधून व्हीसिसला येते, तिथूनच ती पलीकडे द्यायची. जिथे यूएसबी लावाल तो भाग मालक होतो, दुसरा त्याच्या मागे चालतो.

बहुतेक जण इथे हेडफोनसारखा टीआरआरएस जॅक वापरतात. तो आत सरकताना त्याचं टोक सगळ्या संपर्कांना घासत जातं आणि वीज चालू असेल तर क्षणभर शॉर्ट होऊन बोर्ड जातो. आधी यूएसबी काढायची, मगच ही वायर हलवायची, असा नियम घरातल्या सगळ्यांना सांगावा लागतो. घरात लहान मुलं असतील तर मी टेलिफोनच्या रिसीव्हरचा चार तारांचा छोटा जॅक सुचवेन. तो घालताना संपर्क एकमेकांना लागत नाहीत आणि क्लिक करून अडकतो, ओढून निघत नाही. फक्त काही रिसीव्हर वायरींची टोकं उलटसुलट क्रिंप केलेली असतात, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटरचं बीप लावून कुठली तार कुठे निघते ते पाहा.

फर्मवेअर

क्यूएमके हे मोफत फर्मवेअर. संगणकावर त्याची साधनं बसवून नवीन कीबोर्ड तयार करायचा आणि त्याच्या जेसन फाइलमध्ये पिना, डायोडची दिशा आणि स्प्लिट चालू असल्याचं लिहायचं. पिकोसाठी सीरियल ड्रायव्हरचा प्रकार ‘व्हेंडर’ निवडावा लागतो, नाहीतर दुसरी बाजू मुकी राहते.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो तो मॅट्रिक्सच्या रांगांचा. भाग दोन असले तरी क्यूएमकेच्या दृष्टीने सगळा एकच मॅट्रिक्स (रांगा-स्तंभांचा तक्ता) आहे, आणि त्याची मोजणी शून्यापासून होते: डाव्या पाच रांगा ० ते ४, उजव्या ५ ते ९. स्तंभ दोन्हीकडे ० ते ५. उजवीकडचा ० आतल्या कडेला की बाहेरच्या, ते तुम्ही तारा कशा जोडल्यात त्यावर. म्हणूनच मागे मार्करने आकडे लिहायला सांगितलं.

फाइल तयार झाली की बूटसेल दाबून ठेवून यूएसबी लावा. पिको पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात यूएफ-२ फाइल टाका. दोन्ही भागांत एकच फाइल, एकेक करून, मधली वायर काढून. व्हाया हे बटणं बदलायचं साधन चालू करून घेतलंत तर पुढे बटणं बदलायला परत कंपाइल करावं लागत नाही, माउसने बदलता येतात.

बटणं कुठे काय

कीबोर्ड ‘क’ पाठवत नाही. तो इंग्रजी ‘के’चं बटण दाबल्याचा संकेत पाठवतो आणि त्याचा मराठी क करायचा की इंग्रजी के, ते विंडोज किंवा लिनक्स ठरवतं. म्हणून फर्मवेअरमध्ये मराठीसाठी वेगळं काही लिहायचं नसतं. उजवीकडच्या सहाव्या स्तंभात वरून खाली बरोबरचं चिन्ह, डावा चौकटी कंस, अवतरण आणि उलटी तिरकी रेघ टाकली की झाले ृ, ड, ट, ॉ. डावीकडच्या बाहेरच्या स्तंभात एस्केप, टॅब, कंट्रोल आणि खाली वजाचं चिन्ह. शिफ्टबरोबर त्यावरच विसर्ग मिळतो. उरला उजवा चौकटी कंस. शिफ्टसह त्यावर ञ आहे, तो लेअरमध्ये गेला तरी मराठीत अडत नाही.

आता अंगठे. इनस्क्रिप्टमध्ये ख, थ, श, ण, ळ, आणि अ, आ, इ, ई, उ, ए असे सगळे स्वर शिफ्टवर. ‘आहे’सारख्या शब्दालाही शिफ्ट. ती करंगळीवर ठेवून उपयोग नाही. डाव्या अंगठ्याच्या सगळ्यात सोयीच्या जागी शिफ्ट, शेजारी बॅकस्पेस. उजव्या अंगठ्याला स्पेस आणि एंटर. उरलेल्या ताणायच्या चार जागांत दोन लेअर बटणं, एक ऑल्ट आणि एक भाषा बदलायचं, विंडोजमध्ये विंडोज-स्पेस. त्या शेवटच्या जागी काहीजण थेट ‘ळ’ ठेवतील, म्हणजे शिफ्ट-एन. रंकाळा, मिसळ, गूळ लिहिणाऱ्या गावाला ते शोभेल, फक्त इंग्रजीत तेच बटण मोठा एन उमटवतं.

एका गोष्टीपासून लांब राहा. इंग्रजीवाल्यांमध्ये होम रो मॉड्स फार चालतात: मधल्या रांगेतलं अक्षर टॅप केलं तर अक्षर, दाबून ठेवलं तर शिफ्ट, कंट्रोल वगैरे. जेच्या बटणावर शिफ्ट आणि केच्या बटणावर कंट्रोल, अशी नेहमीची मांडणी. इनस्क्रिप्टमध्ये जे म्हणजे र आणि के म्हणजे क, दोन्ही सतत लागणारी. भरभर टाइप करताना क सोडायच्या आधीच डाव्या हाताने मात्रा पडते. ‘के’ लिहायला गेलात की कंट्रोल-एस होऊन फाइल सेव्ह होते. ‘कि’ लिहिताना कंट्रोल-एफने शोधायची खिडकी उघडते. ‘रा’चा ‘आ’ होतो, ‘री’ची ‘ई’.

हे टाळायला क्यूएमकेमध्ये कॉर्डल होल्ड नावाची सोय आहे. एकाच हाताची दोन बटणं लागोपाठ आली तर ती साधी टॅप धरते, विरुद्ध हाताची आली तर दाबून ठेवल्याचं धरू शकते. इंग्रजीत ती छान चालते. इनस्क्रिप्टची रचनाच, म, न, व, ृ, ॉ असे मोजके अपवाद सोडले तर, उजवीकडे व्यंजन, डावीकडे मात्रा अशी आहे. ‘कोल्हापूर’ची नऊ बटणं बघा: क उजवा, ो डावा, ल उजवा, हलन्त डावा, ह उजवा, ा डावा, प उजवा, ू डावा, र उजवा. एकही हात लागोपाठ दोनदा येत नाही. म्हणजे कॉर्डल होल्ड ज्या खुणेला बटण दाबून ठेवल्याचं समजते, तीच इथे सरळ मराठी आहे. स्प्लिट कीबोर्डवर मराठी एवढी सुरेख चालते तीही याच अदलाबदलीमुळे, नाद खुळा. मॉड्स अंगठ्यावरच ठेवा.

उंची, अंतर आणि कातडं

दोन भाग खांद्यांच्या रुंदीइतके लांब ठेवा, म्हणजे मनगटं बाहेर वाकत नाहीत. मग आतल्या कडा उचला. प्रत्येक भाग सुमारे १३० मिलिमीटर रुंद होतो. १० अंश कोन हवा तर आतली कड २३ मिलिमीटर उचलावी लागते, ५ अंशाला ११. पाचपासून सुरुवात करा. आतल्या कोपऱ्यांत एम-५ चे लांब बोल्ट नटसह लावले की फिरवून उंची बदलता येते.

बोल्टच्या टोकाखाली आणि बाहेरच्या कडेखाली चप्पल लाईनीत (कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात) मिळणाऱ्या जाड कातड्याचे तुकडे चिकटवा. बाजारातले चिकटवायचे रबरी पाय उन्हाळ्यात गोंद सोडून सरकतात, कातडं टेबल धरून ठेवतं आणि पत्र्याचा खणखणाटही मारतं. दोन पत्र्यांमध्ये पातळ फोम टाकला तर आवाज आणखी बसतो.

बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. कीबोर्ड मनगटाचा वाक कमी करतो, उपचार करत नाही.

चाललं नाही तर

एकच बटण मुकं: त्याचा सांधा थंड किंवा डायोड उलटा. अख्खी रांग किंवा अख्खा स्तंभ मुका: पिकोकडे जाणारी तार. एक दाबल्यावर दोन अक्षरं: डायोडचा पाय शेजाऱ्याला टेकलाय. उजवी बाजू पूर्ण मुकी: डेटाची तार, नाहीतर त्या पिकोत फाइल टाकलेलीच नाही. डावीकडे उजवीची अक्षरं: जीपी-१५ ची तार. अधूनमधून दोनदा उमटणारं अक्षर बहुधा स्विचच्या आतल्या संपर्काचं असतं, जादा घेतलेल्यातला बदला.

पहिले काही आठवडे

वेग निम्म्यावर येईल, चिडचिड होईल. सगळ्यात आधी बी आणि वाय या बटणांवर, म्हणजे व आणि ब वर अडखळाल, कारण साध्या कीबोर्डवर अनेकांना ती दुसऱ्याच हाताने मारायची सवय असते आणि इथे तो हात तिथे पोचतच नाही. दिवसातून अर्धा तास, तोही पत्र, यादी असं घाई नसलेलं लिखाण. डेडलाइन असलेल्या दिवशी जुना कीबोर्ड काढा, त्यात काही कमीपणा नाही. लेआउट पहिल्या महिन्यात चार वेळा बदलाल, आणि दर वेळी जुनी जेसन आणि यूएफ-२ फाइल तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.